हातीं मोबाइल असतां कॅमेरा कशाला?



हल्लीं ज्याच्या खिशांत मोबाइल आहे तो प्रत्येक मनुष्य छायाचित्रकार झाला आहे. शेगांवची श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरपुराहून परत येतांना आमच्या जानेफळावरून जाते. त्या दिवशीं रस्त्याच्या दोहों बाजूंस उभ्या राहिलेल्या मंडळींकडे पाहावें. पालखी दृष्टीस पडतांच एका हातानें मोबाइल वर धरिला जातो आणि दुसरा हात छातीशीं जाऊन नमस्कार होतो. यांत भक्ति उणावली असें मी म्हणणार नाहीं. आवडतें दृश्य आपल्याजवळ राहावें ही मनुष्याची फार जुनी इच्छा आहे; ती पुरी करण्याचें साधन मात्र आजच्याइतकें सुलभ पूर्वीं कधींच नव्हतें.

तेव्हां साहजिकच असा प्रश्न निघतो कीं, हें साधन हातीं असतां निराळा कॅमेरा घ्यावा, त्याचीं भिंगें संभाळावीं, त्याचें तंत्र शिकावें, हा खटाटोप कोणीं व कशासाठीं करावा? शाळेच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर मीं हा छंद धरिला, त्यामुळें हा प्रश्न मला गांवांत वारंवार विचारला जातो. त्याचें उत्तर आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे.

आरंभींच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. रोजच्या बहुतेक कामांसाठीं मोबाइल पुरेसा आहे. पिकावर पडलेली कीड कृषि-सहायकास दाखवावयाची, सात-बाराचा उतारा परगांवीं असलेल्या मुलास पाठवावयाचा, नातवाचें पहिलें पाऊल टिपावयाचें, तर त्यासारखें दुसरें साधन नाहीं. जगानेंहि हाच कौल दिला आहे. जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघाचे आंकडे पाहावे. २०१० सालीं सुमारें १२ कोटि डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ सालीं ती संख्या ८० लाखांच्याहि आंत आली. तेरा वर्षांत एखाद्या धंद्याची इतकी उतरण क्वचितच झाली असेल. तरी देखील ते ८० लाख लोक कोण, आणि खिशांत मोबाइल असतां त्यांनीं कॅमेरा कां घेतला, हें जाणण्यास थोडें मागें जावें लागेल.

१८३९ सालीं फ्रान्समध्यें दागेर याची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली. त्यानंतर पंधराच वर्षांनीं, १८५४ सालीं, मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि १८५५ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें या कलेचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे छायाचित्रकार म्हणून नांवाजलेले होते. म्हणजे ही विद्या आपल्याकडे उशिरां आली असें मुळींच नाहीं.

आमच्या वऱ्हाडांत त्या आरंभींच्या काळीं मेजर रॉबर्ट गिल यानें छायाचित्रें काढिलीं. अजिंठ्याच्या भिंतीवरील चित्रांच्या रंगीत नकला करण्याच्या कामावर हा लष्करी अधिकारी नेमला गेला होता. वर्षानुवर्षें लेण्यांत राहून त्यानें केलेल्या नकला विलायतेस गेल्या, आणि १८६६ सालीं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यांतील बहुतेक जळून गेल्या. परंतु गिलनें पुढें कॅमेराहि हातीं घेतला होता. जानेफळापासून थोड्याच अंतरावर असलेल्या लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचीं त्यानें काढलेलीं छायाचित्रें लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आजहि पाहावयास मिळतात. दीडशें वर्षांपूर्वीं मंदिराचा कोणता भाग उभा होता, कोणता पडला होता, हें आज त्यांवरून ताडून पाहतां येतें.

हीं चित्रें काढण्यास काय पडत असेल याचा विचार करावा. त्या काळच्या प्रचलित रीतीप्रमाणें कांचेच्या तावदानावर रसायनाचा लेप द्यावयाचा, तो ओला आहे तोंच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें, आणि वाळण्यापूर्वींच अंधारांत नेऊन तें धुवावयाचें. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. त्यासाठीं काळ्या कापडाचा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी, असें सर्व बिऱ्हाड मंदिरापाशीं न्यावें लागे. अशा मनुष्यानें तावदान वायां घालविण्यापूर्वीं मंदिराभोंवतीं किती फेऱ्या घातल्या असतील!

पुढें हें बिऱ्हाड हलकें होत गेलें. १८८८ सालीं अमेरिकेंत ईस्टमन यानें कोडॅक कॅमेरा काढिला. त्यांत शंभर चित्रांची फिल्म आधींच भरलेली असे. ती संपली कीं कॅमेराच कारखान्यास पाठवावयाचा, आणि चित्रें घरपोंच घ्यावयाचीं. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत कॅमेरा शिरला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं, बडोद्यास तयार होणाऱ्या आग्फा क्लिकच्या रूपानें. कित्येक श्रोत्यांच्या माळ्यावर तो अजून असेल. त्याच्या एका रोलमध्यें बारा चित्रें निघत. उटकमंडच्या सरकारी कारखान्याची इंदु नांवाची फिल्महि त्या काळीं मिळे. तो कारखाना आतां बंद पडला आहे. एक रोल कित्येक घरांत वर्षभर पुरे. बारशाचें एक चित्र, लग्नाचीं चार, आजोबा काशीस निघाले तेव्हांचें एक. बाराच चित्रें आहेत हें ठाऊक असल्यामुळें कळ दाबण्यापूर्वीं मनुष्य विचार करी.

फिल्मचें युग संपविणाऱ्या यंत्राचा जन्म मात्र कोडॅकच्याच घरीं झाला. १९७५ सालीं तेथील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. एक चित्र ध्वनिफितीसारख्या कॅसेटवर उतरविण्यास त्यास तेवीस सेकंद लागत, आणि त्या चित्रांत बिंदु अवघे दहा हजार. आज साध्या मोबाइलचें चित्र सव्वा कोटि बिंदूंचें असतें. २०१२ सालीं कोडॅक कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला. घरांतलेंच वासरूं वाढून गोठा मोडतें, तशांतला हा प्रकार.

आतां मोबाइल आणि कॅमेरा यांत मूळचा भेद कोणता, तें पाहूं. कॅमेरा खिशांतला असो वा गळ्यांतला, तो प्रकाश सांठविण्याची पेटी आहे. पुढें भिंग असतें आणि मागें प्रकाश टिपणारी एक चौकोनी पाटी असते. तिला सेन्सर म्हणतात. आपण पाटीच म्हणूं. मोठ्या कॅमेऱ्यांतली पाटी ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असते. चांगल्या मोबाइलांतली पाटी सुमारें दहा मिलिमीटर लांब व साडेसात रुंद, म्हणजे क्षेत्रफळानें तिच्या अकराव्या हिश्श्याइतकी. पावसाची सर आली असतां अंगणांत एक परात व एक वाटी शेजारीं-शेजारीं ठेवावी. सर दोहोंवर सारखीच पडते. परंतु परातींत पाणी अधिक सांचतें. दिवेलागणीच्या वेळीं घेतलेल्या चित्रांत मोठा कॅमेरा स्वच्छ राहतो आणि लहान पाटीवर रवाळ कण उठतात, याचें कारण एवढेंच.

मोबाइल ही उणीव गणितानें भरून काढतो. आपण बोट एकदांच लावतों. तो मात्र एकामागून एक अनेक चित्रें घेतो, तीं एकमेकांवर बसवितो, काळोखा भाग उजळतो, त्वचेवरील सुरकुत्या पुसतो आणि आकाश निळें करतो. हें काम डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होतें आणि फळ बहुधा गोड असतें, हें त्याचें कौतुक आहे. परंतु तें सर्व आपणांस न विचारतां होतें. मनुष्याच्या मागचा देखावा पुसट करावयाचा असेल, तर मोठ्या पाटीच्या कॅमेऱ्याचें भिंग तें प्रकाशाच्या नियमानें करतें. मोबाइल मनुष्याची कड अदमासानें शोधतो आणि बाकीचें मागाहून पुसतो. म्हणून कधीं चष्म्याची दांडी, कधीं नथीची कड, कधीं वाऱ्यानें उडालेले केंस देखाव्याबरोबरच पुसले जातात.

कॅमेऱ्यांत हा अधिकार आपल्या हातीं राहतो. शेतकरी श्रोत्यांस ही गोष्ट चटकन समजेल. वाफ्यास पाणी देतांना दारें किती रुंद फोडावें आणि तें किती वेळ उघडें ठेवावें, या दोन गोष्टी आपण ठरवितों. भिंगाचें छिद्र म्हणजे दाऱ्याची रुंदी, आणि झडप किती वेळ उघडी राहिली तो पाणी चालू असण्याचा वेळ. छिद्राचे आंकडे २.८, ४, ५.६, ८ असे चढत जातात, आणि प्रत्येक पायरीस प्रकाश निम्मा होतो. छिद्र मोठें ठेविलें तर एक चेहरा तेवढा ठसठशीत दिसतो आणि मागचें विरघळतें. लहान ठेविलें तर अंगणापासून डोंगरापर्यंत सारें स्पष्ट होतें. झडप सेकंदाचा हजारावा भाग उघडली तर शंकरपटांतील बैलांचे खूर हवेंतच थबकतात. तीच झडप कॅमेरा तिपाईवर ठेवून अर्धा सेकंद उघडी ठेवली, तर लोणारच्या गोमुखाची धार रेशमाच्या लडीसारखी दिसते. तिसरी गोष्ट पाटीच्या संवेदनशक्तीची; जमीन पाणी किती लवकर पिते, तसें हें समजावें. या तिहींचा मेळ घालणें हेंच या छंदाचें व्याकरण. विद्यार्थी मन लावील तर तें पंधरा दिवसांत येतें. त्याचा वापर मात्र जन्मभर शिकावा लागतो.

कोणी म्हणेल, चित्र चांगलें आल्याशीं कारण. अधिकार कोणाच्या हातीं आहे याच्याशीं आम्हांस काय करावयाचें? याचें उत्तर लोणारच्या तळ्यानेंच दिलें आहे. २०२० च्या जून महिन्यांत त्या तळ्याचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें. अंतराळांतील उपग्रहानें २५ मे रोजीं टिपलेलें तळें हिरवें होतें, तें १० जूनला गुलाबी दिसलें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत पाण्याची तपासणी झाली, आणि खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या हॅलोआर्किया नांवाच्या सूक्ष्मजीवांमुळें हा रंग आल्याचें निष्पन्न झालें. त्या दिवसांत मोबाइलवरून मोबाइलवर फिरलेल्या चित्रांत मात्र एकाच तळ्याचे रंग अनेक: एकांत अबोलीचा, दुसऱ्यांत बीटाचा, तिसऱ्यांत विटेचा. याचें कारण उघड आहे. प्रत्येक मोबाइलनें आपल्या मतानें रंग दुरुस्त केला होता. कॅमेऱ्यांत शुभ्र रंगाचें माप एकदां ठरवून कायम ठेवतां येतें, आणि पाटीवर पडलेला प्रकाश कांहीं न बदलतां जसाच्या तसा सांठवून ठेवतां येतो. कांहीं महाग मोबाइलांतहि ही सोय आतां आहे. पण ती शोधून वापरणारा मनुष्य छंदी छायाचित्रकाराच्याच जातीचा. असा एखादा मनुष्य दर महिन्यास त्याच कड्यावर, त्याच वेळीं उभा राहून, तेंच माप ठेवून तळ्याचें चित्र घेत राहील, तर तीं चित्रें एकमेकांशेजारीं मांडून रंगाचा पालट खात्रीनें दाखवितां येईल.

ज्या गोष्टीमुळें हा विषय मला निव्वळ छंदाचा वाटत नाहीं, ती याहूनहि जवळची आहे. घरांतलें वडील माणूस गेलें कीं तेरवीच्या दिवशीं चौरंगावर ठेवण्यास फोटो लागतो. मुलें मोबाइल उघडतात. आंत चित्रें हजारों असतात. परंतु आईचा एकटीचा, समोरून घेतलेला, स्वच्छ असा फोटो शोधूं लागलें म्हणजे सांपडत नाहीं. अखेर कोणाच्या तरी लग्नांतल्या घोळक्यांतून तिचा चेहरा निवडतात, आणि तो मोठा करून आणावयास मेहकरास किंवा खामगांवास धांवतात. मूळचें चित्र व्हॉट्सॲपवरून आलेलें असलें म्हणजे तें वाटेंतच लहान झालेलें असतें. त्याची लांबी बहुधा सोळाशें बिंदूंच्या आसपास भरते. घोळक्यांतला एक चेहरा त्याचा दहावा हिस्सा धरला तर त्याच्या वांट्यास एकशेंसाठ बिंदु येतात. कागदावर तो चेहरा चार इंच रुंद करावयाचा, तर चांगल्या छपाईस इंचास तीनशें या मानानें बाराशें बिंदु हवेत. जेथें बाराशें हवेत तेथें एकशेंसाठ! उरलेले यंत्र कल्पनेनें भरतें. आमच्या बाजूच्या कित्येक भिंतींवर असे फोटो आहेत. त्यांत डोळे आहेत, पण नजर नाहीं. आणि शेजारींच पन्नास-साठ वर्षांपूर्वींचा आजोबांचा काळापांढरा फोटो लटकत असतो. तो स्टुडिओंतल्या मोठ्या निगेटिव्हवरून काढलेला; फेट्याचा पीळ न् पीळ मोजून घ्यावा.

हा दोष मोबाइलचा नव्हे. आई हयात असतां तिला ओट्यावर बसवून पांच मिनिटें मोबाइल नीट धरिला असता, तरी तेरवीच्या दिवशीं धांवाधांव करावी लागली नसती. उणीव आहे ती त्या पांच मिनिटांची. मोबाइल नेहमींच जवळ असतो, म्हणून चित्र उद्यांहि काढतां येईल असें वाटतें, आणि तो उद्यां येत नाहीं. कॅमेरा घेऊन निघालेला मनुष्य चित्र काढण्यासाठींच उठलेला असतो. समोरच्या माणसासहि तें कळतें. आम्ही कांहीं निवृत्त मंडळी व शाळकरी मुलें मिळून आमच्या गांवांतील साठीपुढच्या माणसांचीं चित्रें काढीत असतों. एका आजींनीं कॅमेरा पाहतांच आम्हांस अर्धा तास ओट्यावर बसवून ठेविलें, आणि ठेवणींतलें इरकली लुगडें नेसून, कपाळास ठसठशीत कुंकू लावून मग त्या बाहेर आल्या. मोबाइल पुढें केला असता तर त्यांनीं निवडीत असलेलें सूपहि खालीं ठेविलें नसतें.

आतां ज्यांना हा छंद धरावासा वाटतो त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट, नव्या व महागड्या कॅमेऱ्याच्या मागें लागूं नये. दहा-बारा वर्षांपूर्वींचा वापरलेला कॅमेरा बेताच्या मोबाइलच्या किंमतींत मिळूं शकतो, आणि शिकण्यास तो भरपूर पुरतो. घेतांना झडप चालते कीं नाहीं आणि भिंगाच्या आंत बुरशीचे तंतु नाहींत ना, एवढें उजेडाकडे धरून पाहावें. पावसाळ्यांत तो कातडी पिशवींत कोंडूं नये. झांकणाच्या डब्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवावा.

दुसरी गोष्ट, एका दिवशीं बारांहून अधिक चित्रें काढावयाचीं नाहींत असा नेम करावा. कार्डांत हजारों मावतात हें विसरावें. आमच्या मुलांस आरंभीं हा नेम जाचक वाटला. पुढें तीच मुलें झाडाभोंवतीं फिरून, ऊन कोणीकडून येतें तें पाहून, मग कॅमेरा डोळ्यास लावूं लागलीं.

तिसरी गोष्ट, एक विषय धरून त्याच्यामागें वर्षभर राहावें. दादासाहेब फाळके यांनीं आपला पहिला चित्रपट काढण्यापूर्वीं, १९१२ च्या सुमारास, वाटाण्याच्या दाण्यास कोंब फुटून रोप वाढेपर्यंत ठराविक अंतरानें त्याचें चित्रण केलें होतें, हें प्रसिद्ध आहे. आपणहि आपल्या शेतांतली एक तूर, गांवांतला एक वड, आठवडी बाजारांतला एक कोपरा घ्यावा, आणि ठरल्या जागेवरून दर महिन्यास एक चित्र काढावें. वर्षाअखेरीस बारा चित्रांत जें दिसतें, तें रोज पाहूनहि दिसलेलें नसतें.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चित्र कागदावर उतरवावें. मोबाइल पाण्यांत पडतो, कार्ड बिघडतें, संकेतशब्द विसरतो. आणि व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या चित्रासोबत तें कोठें व केव्हां काढलें याची नोंदहि बहुधा उरत नाहीं. म्हणून वर्षांतून निवडक चोवीस चित्रें तरी प्रयोगशाळेंतून चांगल्या कागदावर छापून घ्यावीं. प्रत्येकाच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनें नांव, गांव व तारीख लिहावी. एक प्रत चित्रांतल्या माणसास द्यावी आणि एक आपल्या पेटींत ठेवावी. चित्र काढण्यापूर्वीं त्या माणसाची अनुमति घ्यावी, हें तर सांगावयासहि नको.

हें काम मोबाइलनें करतां येणार नाहीं काय? अवश्य येईल. ज्याच्यापाशीं कॅमेरा नाहीं त्यानें तो येईपर्यंत थांबूं नये. मोबाइल खांबास टेकवून, भिंगावरची धूळ पुसून, माणसास उजेडांत बसवून आजच चित्र घ्यावें. परंतु ज्यास शक्य आहे त्यानें कॅमेरा अवश्य घ्यावा, कारण तें यंत्र मनुष्यास एकच काम सांगतें. त्यावर फोन येत नाहीं, बातमी येत नाहीं. पाहणें आणि निवडणें एवढेंच त्याच्याशीं करतां येतें.

आपल्या पिढीचीं जितकीं चित्रें निघालीं तितकीं पूर्वींच्या कोणत्याहि पिढीचीं निघालीं नाहींत. आणि तरी पन्नास वर्षांनीं आपल्या नातवंडांच्या हातीं त्यांतलें एकहि नसेल अशी भीति आहे. ती खोटी पाडणें आपल्या स्वाधीन आहे. येत्या रविवारीं आपल्या घरांतल्या सर्वांत वडील माणसास सकाळच्या उजेडांत ओट्यावर बसवा. त्यांस आवडेल तें वस्त्र नेसूं द्या. घाई करूं नका. चित्र काढा, छापा आणि पाठीवर त्यांचें पूर्ण नांव लिहा.